दीदीचा कडू घास

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. तोंडावर पदर धरूनसुद्धा हसायचं नाही! मी बोलतेय आणि माझी सूनबाई वृषाली फोनवर टाइप करतेय, ती तर आत्ताच खुदखुदायला लागलीय. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

माझ्या हातून असं काही झालंय, की आमच्या बिल्डिंगीत मी हल्ली लिफ्टनं जात नाही. चार मजले जिन्यानं चढते. गुडघे दुखले तर दुखू देत. जिन्यात कुणी भेटत नाही हो, लिफ्टमध्ये माणसं भेटतात!

मी इगतपुरीकडची. शाळेची पायरी एकदाच चढले, तीही भावाचा डबा द्यायला. पण भाताच्या खाचरात आणि गुरांच्या गोठ्यात जे शिकायचं ते सगळं शिकले. मुलगा सुनील इथं दोह्यात तेलाच्या कामावर. त्याची ड्यूटी तिकडं दुखानला, म्हणजे पार देशाच्या दुसऱ्या अंगाला, वाळवंट ओलांडून. शिफ्ट असली की सुट्टीलाही घरी येत नाही. सूनबाई हॉस्पिटलात कामाला. राहिलो मी आणि नात तन्वी. नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मला इंग्रजी येत नाही, पण उत्तर कळतं. असं आमचं दोघींचं मस्त चालतं.

आणि समोरच्या दारात मिताली.

मिताली बंगाली. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. बाई लोण्यासारखी, आणि रडायला एकदम हळवी. कशावरही रडते! टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली आणि त्यात आईनं लेकराला न्हाऊ घातलं, की हिचे डोळे भरले. तिला मराठी येत नाही, मला बंगाली येत नाही, दोघींचं हिंदी असं की ऐकणाऱ्यानं पळून जावं. तरी आमच्या गप्पा तासन्‌तास.

गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ गेला. माझे व्हिसाचे कागद अडकलेले, जाता आलं नाही. भावाला शेवटचं पाहिलं ते फोनवर. पुतण्यानं स्मशानात फोन धरला होता आणि मी इथं, अल मुंतझातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बघत होते. इथल्या माणसांचं असंच असतं बघा. बारसं फोनवर, लग्न फोनवर, मयतसुद्धा फोनवर.

त्या दिवशी पहिली कोण आली? मिताली. आली, माझ्याजवळ फरशीवर बसली, माझा हात धरला आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुपारी मऊ भात आणि उकडलेला बटाटा घेऊन आली आणि आपल्या हातानं मला भरवला. आमच्याकडे ज्याच्या घरी मयत होते तिथं चूल पेटत नाही. शेजारपाजार पिठलं-भाकरी नेतात. कडू घास म्हणतात त्याला. तिला हे कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मी तेव्हाच मनात म्हटलं, मिताली, तुझ्यावर अशी वेळ देवानं आणू नये, पण आलीच तर तुझ्या दारात पहिली मी असेन.

एवढं लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

तर एक दिवस मिताली नाचतच आली.

"माशी, माशी!" त्यांच्यात मावशीला माशी म्हणतात. "शुक्रवार को पिक्चर देखने चलो! हमारे बापी ने बनाया है!"

बापी म्हणजे तिचा भाचा, तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्या बहिणीला ती दीदी म्हणते.

"मेरे को क्या समझेगा गं बंगाली पिक्चर?"

"समझेगा! गाँव का है, खेती का है, पेड़-पानी का है. और सब असली! कोई हीरो नहीं, हिरोइन नहीं. हमारा गाँव, हमारा घर, हमारा तालाब. और हमारी दीदी!"

असली. हा शब्द मी पदराला गाठ मारावी तसा डोक्यात बांधून ठेवला. तिथंच चुकलं.

एशियन टाऊनमधलं थेटर त्यांच्या बंगाली मंडळींनी दुपारसाठी धरलं होतं. थेटर गच्च भरलेलं. एकीकडं मी, एकीकडं मिताली, मध्ये तन्वी पॉपकॉर्नचा डबा घेऊन. पडद्यावर खाली इंग्रजीत अक्षरं येत होती. मला ती मुंग्यांच्या रांगेसारखी.

पिक्चर सुरू झाला. आणि अहो, काय सांगू, अर्धा तास कुणी बोललंच नाही! नुसता वारा. गवत हलतंय. तळ्यात बदकं. एक म्हातारी शेणाच्या गोवऱ्या थापतेय. तीच दीदी. उन्हानं काळवंडलेली, कोपरावर भाजल्याचा डाग.

तन्वी माझ्या कानात, "आजी, नथिंग इज हॅपनिंग."

"हॅपनिंग कसं नाही? ती बघ मुंग्यांची रांग, तोंडात अंडी घेऊन वर चढतेय. आता पाऊस येणार."

आणि धो धो पाऊस आला! पुढच्या रांगेतला एक माणूस वळून माझ्याकडं बघायला लागला.

मग एक काळी गाय आली. तिची कास बघितली मात्र, मी म्हटलं, "आज-उद्या विणार बरं का ही." पाच मिनिटांत गाय व्याली. आता पुढच्या रांगेतले तिघं वळले. एकानं तर हिंदीत विचारलं, "आंटी, आगे क्या होगा?" मी कॉलर नसलेल्या लुगड्याची कॉलर ताठ केली.

मग दीदी भाताच्या आवणीला उतरली. आवणी म्हणजे चिखलात रोपं लावायची. मी डोळे फाडून बघत होते, कारण इथं खोटेपणा लगेच पकडता येतो. पिक्चरमधल्या बाया आवणी करतात ती देवाला फुलं वाहिल्यासारखी! पण ही? डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या अंगठ्यानं रोप चिखलात असं दाबायचं की कचकन बसलं पाहिजे. पाय मागं मागं, कंबर मोडलेली, आणि रांग सुतासारखी सरळ. मी चाळीस पावसाळे ही आवणी केलीय. मी सांगते, हा खोटा हात नव्हता.

आणि मी मनात म्हटलं, मिताली म्हणाली ते खरंच आहे. सगळं असली!

शेवटी काय झालं, तर दीदी आजारी पडली. अंगणात बाजेवर निजवली. ओठ सुकलेले. तिनं हिरव्यागार खाचराकडं एकदा बघितलं, आणि हात बाजेखाली लोंबकळला.

पलीकडं मिताली हुंदके देऊन रडत होती.

"तन्वे," मी म्हटलं, "गेली का गं ती?"

"येस आजी, शी डाइड. शू!"

आता तुम्ही म्हणाल, पिक्चर होता ना आजी? मला काय पिक्चर कळत नाहीत? हीरो एका पिक्चरमध्ये मरतो आणि दुसऱ्यात बोहल्यावर चढतो, हे मला ठाऊक आहे. पण तिथं सगळी पावडर असते हो! इथं शेण खरं, चिखल खरा, वासराचा जन्म खरा. जिची आवणी खरी, तिचं मरण तेवढं खोटं कसं असेल? आणि कॅमेऱ्याचं म्हणाल, तर माझ्या भावाची चिता पुतण्यानं फोनवर दाखवलीच की! तसंच या बापीनं मावशीसाठी धरून ठेवलं असेल, लांबच्या माणसांना दिसावं म्हणून.

एकाच गोष्टीचा मला संताप आला. त्या काळ्या गाईचा. मालकीण बाजेवर पांढऱ्या कपड्याखाली पडलीय, आणि ही बाई शेजारी उभी राहून निवांत रवंथ करतेय! शेपूटसुद्धा आनंदानं हलतेय! आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा आमच्या कपिलीनं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नव्हतं. मी तन्वीला म्हटलं, "दगडाच्या काळजाची आहे ही गाय."

दिवे लागले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मयतीला टाळ्या? पण म्हटलं, ज्याची त्याची रीत.

मी मितालीचे दोन्ही हात धरले.

"मिताली, ये कब हुआ?"

"इसी बारिश में, माशी."

"और तू मेरे को बोली नहीं?"

"बापी ने मना किया था. बोला, पिक्चर पूरी होने दो, तब तक किसी को मत बताना."

"तू गई थी उधर?"

"कहाँ जा पाई! फोन पे ही देखा." आणि पुन्हा रडायला लागली.

"मैंने भी भाऊ का फोन पेच देखा ना गं," मी म्हटलं. आणि आम्ही दोघी एशियन टाऊनच्या थेटरात गळ्यात गळा घालून रडलो. पुढच्या रांगेतला माणूससुद्धा रुमाल शोधत होता.

घरी आले, ताट वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं. पावसाळ्यात बहीण गेली, आणि आता थंडी आली! इतके महिने हिनं एकटीनं गिळलं? माझ्या दारासमोर राहून? आणि मी रोज तिच्याकडं बसून मटारच्या शेंगा सोलत होते, हसत होते. कसली मी मैत्रीण!

शनिवारी सकाळीच मी दुसऱ्या मजल्यावरच्या सुलभाला गाठलं. सुलभा नाशिकची. बाई भारी कामाची, पण फोन हातातून सुटत नाही.

"अगं सुलभा, मितालीची बहीण गेली."

"अगंबाई! कधी?"

"कधीच गेली. पण आपल्याला काल कळलं. कळलं त्या दिवसापासून दुखवटा धरायचा. तू भाकऱ्या कर, मी पिठलं करते. फोडणी घालू नकोस, कडू घास आहे."

सुलभानं मान हलवली आणि फोन उचलला. तन्वीनं थेटरातल्या पाटीवरचा दीदीचा फोटो काढला होता, तो तिच्याकडून मागवून घेतला. दहा मिनिटांत बिल्डिंगीतल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर दीदीचा फोटो, भोवती झेंडूची माळ, आणि खाली काहीतरी लिहिलेलं.

"काय लिहिलंस?"

"भावपूर्ण श्रद्धांजली, आजी."

"चांगलं केलंस."

अकरा वाजता आम्ही सात जणी फिक्या साड्या नेसून चौथ्या मजल्यावर. पिठल्याचं पातेलं माझ्या हातात. मी सगळ्यांना बजावलं, "आत गेल्यावर बोलायचं नाही. चहा घ्यायचा नाही. आणि निघताना चुकूनसुद्धा 'येते' म्हणायचं नाही. दुखवट्याच्या घरातून 'येते' म्हणून निघत नाहीत."

मितालीनं दार उघडलं. नुकतीच न्हालेली, केस ओले, अंगावर पांढरी साडी! काठ लाल होता, पण म्हटलं इथं दोह्यात पांढरीफटक साडी ऐनवेळी कुठं मिळणार बिचारीला? आत सोफे भिंतीला सरकवलेले आणि खाली चादरी अंथरलेल्या. मी सुलभाकडं बघितलं. सुलभानं माझ्याकडं. सगळं रीतसर होतं.

आम्ही चादरीवर बसलो. गप्प.

मिताली एकेकीकडं बघतेय. "आप सब लोग... दीदी के लिए?"

"दीदी के लिएच," मी म्हटलं.

"और ये खाना?"

"ये भी दीदी के नाम का."

झालं! मितालीचे डोळे वाहायला लागले. "इतना प्यार! माशी, इतना प्यार कौन करता है!"

सुलभानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाकीच्यांनी नाकाला पदर लावला.

"साहब किधर है?" मी हळूच विचारलं.

"एयरपोर्ट गए. बापी दीदी को लेकर आ रहा है ना."

सुलभा माझ्या कानाशी आली. "आजी... अस्थी."

"व्हय गं," मी म्हटलं, "अस्थीच."

"दीदी को समुंदर देखना था," मिताली डोळे पुसत म्हणाली. "सारी जिंदगी तालाब देखा. बोलती थी, मिताली, एक बार तेरा समुंदर दिखा दे."

हे ऐकलं आणि सातही जणी मोठ्यानं रडायला लागलो. त्यात सुलभा मला विचारतेय, "आजी, इथल्या समुद्रात अस्थी टाकू देतात का हो? परमिशन लागत असेल ना?"

"गप गं! तुझ्या मिस्टरांना विचारू मग."

थोड्या वेळानं मी सगळ्यांना खुणावलं. घरचे लोक येणार, आपण निघावं. उठलो. मितालीच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. "अरे, जा रहे हो? रुको ना, दीदी से तो मिलो!"

मी तिला छातीशी धरलं. सुलभा सवयीनं म्हणालीच, "येते हं..." मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की बिचारी कळवळली.

आम्ही पॅसेजमध्ये आलो. आणि लिफ्टचं दार उघडलं.

आधी मितालीचे मिस्टर बॅगा घेऊन. मग एक दाढीवाला तरुण. आणि त्याच्या मागून, डोक्यावर माकडटोपी, पायात नवे बूट, तोंडात पान... दीदी!

तीच! कोपरावरचा भाजल्याचा डागसुद्धा तोच!

आमच्यातली एक जण जी जिन्याकडं पळाली, ती एक चप्पल तिथंच टाकून. सुलभा भिंतीला चिकटली. मी? मी "राम राम राम" म्हणत होते. दीदीला वाटलं मी नमस्कारच करतेय. तिनंही हसून हात जोडले.

मी पुढं झाले आणि तिचा हात धरला. ऊबदार होता! बोटं दाबून बघितली. नखात अजून चिखलाचा रंग. अंगठा तोच, आवणीचा.

"तुम... तुम तो कल मर गई ना!" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

बापीनं ते दीदीला बंगालीत सांगितलं. दीदी खूश! मोठ्या आनंदानं मान डोलावत काहीतरी म्हणाली.

"मा बोलती है," बापी म्हणाला, "अच्छा मरी ना? ग्यारह बार मरना पड़ा."

मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले.

एवढ्यात बापीची नजर सुलभाच्या हातातल्या फोनवर गेली. "अरे! मा की फोटो!" त्यानं फोन हातात घेतला. झेंडूची माळ बघितली. खालची अक्षरं मोठ्यानं वाचली. श्र-द्धां-ज-ली.

मिताली दारात उभी होती. तिनं फोटो बघितला. आमच्या फिक्या साड्या बघितल्या. आत चादरीवर ठेवलेलं पातेलं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"माशी," ती हळू म्हणाली, "आप लोग... रोने आए थे?"

मी मान खाली घातली. "तू मेरे पास बैठी थी ना गं. भाऊ गया तब. मैं बोली थी, तेरे घर कुछ हुआ तो पहली मैं आएगी."

मितालीनं मला मिठी मारली. रडली, अर्थातच. पण रडता रडता तिचं पोट हलायला लागलं, आणि मग ती जी हसत सुटली, जी हसत सुटली, की दीदी हसली, बापी हसला, सुलभा भिंतीवरून घसरत खाली आली. लाल काठाची पांढरी साडी त्यांच्यात सणावाराची, आणि चादरी पाहुण्यांसाठी, हे मला तेव्हा कळलं.

आणि दीदी? ती सरळ आत गेली, चादरीवर मांडी घातली, आणि स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं आणि भाकरी ताटात वाढून घेतली. एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि मितालीला काहीतरी म्हणाली.

"दीदी पूछती है, इसमें तड़का क्यों नहीं?"

आता कुठल्या तोंडानं सांगू, बाई, तुझ्या नावानंच घातला नाही! मी उठले, मितालीच्या स्वयंपाकघरात गेले आणि लसूण-मिरचीची झणझणीत फोडणी करून पिठल्यावर ओतली. दीदीनं दोनदा मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, "मिताली, दीदी को पूछ. वो काली गाय ऐसी कैसी? मालकीण मर गई और ये आराम से खाती है!"

दीदीनं ऐकलं आणि पान खाल्लेल्या तोंडानं खदखदली. मितालीनं सांगितलं ते असं. गाय एका जागी उभी राहीना. म्हणून दीदीनं त्या पांढऱ्या कपड्याखाली हातात गुळाचा खडा धरून ठेवला होता. ती मेल्यासारखी पडायची, आणि गाय कपड्याखाली तोंड घालून तिचा हात चाटायची. गुदगुल्या होऊन दीदी हसायची. म्हणून तर अकरा वेळा मरावं लागलं!

मी कपाळावर हात मारला. म्हणजे बघा, ती गाय बिचारी सगळ्यांसमोर उभी राहून, शेपूट हलवून सांगत होती, अहो, बाई जिवंत आहे, हातात गूळ आहे! भरलेल्या थेटरात गुरांचं कळणारी एकटी मी. आणि मीच तिला दगडाच्या काळजाची म्हणून मोकळी झाले.

आता दुखानहून सुनीलचा फोन येतो. पूर्वी विचारायचा, "आई, जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का?" हल्ली पहिलं वाक्य ठरलेलं.

"आई, आज कुणाचा दुखवटा? आणि गाईला विचारलंस का?"